हँडप्रेसचा जोर आणि लिव्हरेज कसं मोजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-भुसावळच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत, धुळ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या शेडांमध्ये आणि आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये हँडप्रेस रोज चालतो. बेअरिंग बसवायचं, बुश काढायचा, पत्रा वाकवायचा, सगळं त्याच्यावरच. रायफल शूटिंगची आवड असणाऱ्यांनी परदेशातले काडतूस भरायचे प्रेस व्हिडिओत पाहिलेले असतात. त्यांचं हँडल शेवटाला इतकं हलकं का होतं, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. दोन्ही यंत्रांचं गणित एकच आहे, म्हणून उत्तरंही इथे एकत्रच दिली आहेत.

फक्त एवढं सांगा भाऊ, कितला जोर लागस?

हँडल कुठे असताना? हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. साध्या रॅक-पिनियनच्या (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं दातेरी चाक) आर्बर प्रेसला जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मिळतो. टॉगलच्या, म्हणजे गुडघ्यासारख्या सांध्याने जोडलेल्या दोन दांड्यांच्या, प्रेसला तो जागोजागी बदलतो. काडतूस प्रेस बहुतेक टॉगलचेच असतात.

लिव्हरेज म्हणजे नेमकं कशाला काय भागायचं?

हात जेवढा सरकला त्याला रॅम (काम दाबणारा सरकता दांडा) जेवढा सरकला त्याने भागायचं, बस्स. हात १०० मिमी गेला आणि रॅम ५ मिमी गेला, तर लिव्हरेज २०. घर्षण नसतं तर हातावरच्या १ किलोचे रॅमवर २० किलो झाले असते.

आर्बर प्रेसचा हिशोब कागदावरच होतो. हँडल ४०० मिमी, पिनियनची पिच त्रिज्या २० मिमी, म्हणजे २० पट. हाताने २५ किलो ओढलं की ५०० किलो. नेमप्लेटवर ‘अर्धा टन’ लिहिलेलं असतं तेव्हा साधारण असा हिशोब धरलेला असतो. पण तो कोणत्या हातजोरावर धरला, हे प्लेटवर क्वचितच असतं. खरेदीच्या वेळी तेवढं विचारून घ्या.

हँडलची लांबी मोजताना एक चूक सर्रास होते: वाकड्या हँडलला टेप लावून वळणावरून मोजतात. मोजायचं असतं ते पिव्होटच्या (हँडल जिच्याभोवती फिरतं त्या पिनेच्या) मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर.

टॉगल प्रेसला एकच आकडा का देत नाही?

कारण तिथे आकडा नसतो, आलेख असतो. डोक्यावर ओझं घेऊन उकिडव्यातून उठणारा माणूस आठवा. जोर सुरुवातीला लागतो, गुडघे ताठ होत आले की ओझं जड वाटत नाही. टॉगलचे दोन दांडे सरळ रेषेत यायला लागले की तेच घडतं.

एक उदाहरण हिशोबाने सोडवू. हँडल ४०० मिमी, क्रँक (हँडलसोबत फिरणारा दांडा) ५० मिमी, क्रँकला रॅमशी जोडणारा जोडदांडा १०० मिमी. दांडे सरळ झाले की ० अंश, क्रँक आडवी असली की ९० अंश.

९० वरून ६० अंशांपर्यंत रॅम साडेअठ्ठावीस मिमी चढतो, लिव्हरेज सरासरी ७.३. ६० ते ३० मध्ये ८.४. ३० ते २० मध्ये १३. २० ते १० मध्ये २१. आणि शेवटच्या दहा अंशांत हात ७० मिमी फिरतो, पण रॅम फक्त १.१४ मिमी सरकतो. लिव्हरेज ६१!

आता पूर्ण स्ट्रोकची, म्हणजे रॅमच्या अख्ख्या धावेची, सरासरी काढली तर ती येते जेमतेम १०. जाहिरातीत १० लिहिलं तरी खरं आणि ६० लिहिलं तरी खरं. म्हणून दोन कंपन्यांच्या पत्रकांतले आकडे शेजारी ठेवून प्रेस निवडायचा, याला माझ्या मते काहीच अर्थ नाही. तुमचं काम स्ट्रोकच्या ज्या मिलिमीटरला होतं, तिथला आकडा तुमचा.

घरच्या साधनांनी हे कसं मोजायचं?

लागतात त्या वस्तू: व्हर्निअर, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज आणि मोबाइल. मोबाइलवर कोन दाखवणारं ॲप घ्या आणि फोन हँडलला सेलोटेपने घट्ट बांधा. सैल बांधलात तर कोन नाही, फोनच फिरतो.

आधी प्रेसमधला ढिलेपणा काढा. पिना झिजलेल्या असल्या की हँडल दोन-चार अंश नुसतंच हलतं आणि रॅम जागचा हलत नाही. रॅम वर जाणारा असेल तर त्यावर एक-दोन किलोचं वजन ठेवा. खाली येणारा असेल तर खाली स्प्रिंग ठेवा. म्हणजे सगळे सांधे एका बाजूला दाबून बसतात.

मग दर दहा अंशांना थांबून रॅमची उंची लिहा. सुरुवातीच्या लांब हालचालीला व्हर्निअर पुरे. शेवटच्या तीस अंशांना डायल गेजच हवा. साध्या डायलची धाव १० मिमी असते आणि एक घर ०.०१ मिमीचं, त्यामुळे तो शेवटाला नेमका कामाला येतो. शेवटच्या दहा अंशांत तर दर दोन अंशांना वाचन घ्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

हाताची हालचाल वेगळी मोजायला नको. हँडलची लांबी गुणिले अंश गुणिले ०.०१७४५ केलं की कमानीची लांबी मिळते. ४०० मिमीच्या हँडलला दहा अंश म्हणजे ६९.८ मिमी. त्याला रॅमच्या सरकण्याने भागा आणि ग्राफ पेपरवर मांडा.

हातावरचा जोर कशाने मोजायचा?

बाजारात मिळणारा हुकचा डिजिटल काटा चालतो. त्याची कमाल क्षमता पाहून घ्या, बॅगा तोलायचे काटे ५० किलोच्या आसपास संपतात. काटा मुठीच्या मध्याला अडकवा आणि हँडलशी काटकोनात ओढा. हँडल फिरतं तसा ओढण्याचा कोनही फिरवत जायचा. वीस अंश तिरकं ओढलं तर सहा टक्के जोर वाया जातो, ४५ अंशाला तीस टक्के.

काटा नसेल तर ड्रम टांगा आणि पाणी ओतत जा, लिटरला किलो. ड्रमचं आणि दोरीचं वजन मिळवा. मात्र टांगलेलं वजन सरळ खालीच ओढतं, म्हणून ही रीत हँडल आडवं असतानाच अचूक आहे. इतर ठिकाणी आडव्या रेषेशी जो कोन होतो त्याच्या कोसाइनने गुणावं लागतं.

रॅमवर प्रत्यक्ष किती दाब येतो, ते पाहायचंय. काय वापरू?

तीन वाटा आहेत, खर्चाच्या उतरत्या क्रमाने सांगतो.

पहिली लोडसेलची, म्हणजे दाबला की जोर आकड्यात देणाऱ्या सेलची. बटणासारखा चपटा किंवा इंग्रजी एस आकाराचा सेल आणि सोबत डिस्प्ले. सेलची क्षमता अपेक्षित जोराच्या दीडपट तरी घ्या, कारण टॉगलच्या शेवटाला जोर कधी उसळी घेतो ते कळत नाही. बाथरूमचा वजनकाटा ठेवून पाहू नका, दीडशे किलोपुढे त्याची काच जाते.

सेल घेतला की त्याची पडताळणी करावी लागते. ओळखीच्या वजनाच्या गोण्या एकावर एक रचून पन्नास, शंभर, दीडशे किलोला वाचन जुळतं का ते बघा. सिमेंटची गोणी ५० किलोची. शेतातली गोणी उचलून आणाल तर छापील वजन वाचा: युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे, डीएपीची ५० चीच आहे. युरियाला ५० धरलं की तुमचा सेल दहा टक्के खोटा ठरतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या सेलला लागतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे ती उन्हाची. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. सेलमधल्या स्ट्रेनगेजचा (ताण ओळखणाऱ्या पट्टीचा) शून्य तापमानासोबत सरकतो. सकाळी शून्य लावून दुपारी मोजायचं नाही. प्रत्येक वाचनाच्या आधी भार काढून शून्य पाहायचा, आणि जमलं तर मोजमाप सकाळीच उरकायचं.

दुसरी वाट हायड्रॉलिकची. छोटा सिलिंडर आणि त्याला दाबाचा गेज. गेजचा आकडा गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ म्हणजे जोर. ४० मिमी व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेमी, गेजवर चौरस सेमीला १०० किलो आले तर रॅमवर १२५७ किलो. हवा अडकलेली राहिली तर पिस्टन दबत राहतो आणि टॉगलचा उरलेला स्ट्रोक खाऊन टाकतो, म्हणून आधी हवा काढा.

तिसरी वाट जवळजवळ फुकटची, आणि मला ती सगळ्यात आवडते. जुन्या बेअरिंगमधली १० मिमीची गोळी, ज्याची ब्रिनेल कठिणता माहीत आहे असा ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा सपाट तुकडा आणि प्रेस. गोळी तुकड्यावर दाबायची आणि उठलेल्या खड्ड्याचा व्यास भिंगाखाली मोजायचा. कठिणता ६० असलेल्या ॲल्युमिनियमवर ३ मिमीचा खड्डा पडला तर जोर साधारण ४३५ किलो. खड्ड्याच्या वक्र पृष्ठाचं क्षेत्रफळ गुणिले कठिणता, एवढंच सूत्र. खड्डा मोजताना दोन काटकोनी दिशांनी व्यास घ्या आणि सरासरी काढा. गोळीभोवती कापड गुंडाळून चष्मा लावा, कडक पोलाद फुटलं तर तुकडे गोळीसारखेच उडतात.

ही युक्ती नवी नाही. बंदुकीच्या नळीतला दाब मोजायला एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू नोबल यांनी तांब्याचा छोटा दंडगोल दाबून बघायचीच रीत काढली. तो किती चेपला त्यावरून दाब. पुढे कित्येक दशकं काडतुसांचे दाब तांब्याच्या याच मापात लिहिले जात.

हिशोबाने ६१ पट येतं, प्रत्यक्ष मोजलं तर त्याच्या जवळपासही नाही. काय चुकलं?

बहुतेक काहीच चुकलेलं नाही. दोन चोर आहेत: घर्षण आणि ताण.

घर्षण आधी. रॅमवर १०० किलो ठेवा आणि लिव्हरेज १० असेल तिथे थांबा. वर चढवताना हाताला १२.५ किलो लागले आणि हळूच खाली सोडताना ७.५ किलोने तोललं, तर दोन्हींची सरासरी १०, म्हणजे भूमिती बरोबर आहे. चढवताना कार्यक्षमता ८० टक्के. तेल घालून पुन्हा मोजा, फरक दिसतो. शेवटच्या काही अंशांत पिनांचं घर्षण इतकं वरचढ होतं की सोडलं तरी हँडल परत येत नाही, तिथेच अडकून बसतं.

ताणाची गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. समजा तुमचा प्रेस, दांडे, पिना, डाय (साचा) सगळं मिळून एक टनाला अर्धा मिमी ताणतं. वरच्याच उदाहरणात कडक ठोकळा मधे ठेवला आणि १० अंशाला स्पर्श झाला, तर रॅमचा उरलेला स्ट्रोक १.१४ मिमी. तेवढा सगळा ताणात गेला तर जोर होईल सव्वादोन टन. तोच स्पर्श ५ अंशाला झाला तर उरलेला स्ट्रोक फक्त ०.२९ मिमी आणि जोर ०.५७ टनाच्या आसपास थांबणार. दोन माणसं लटकली तरी त्याच्या पुढे जात नाही, कारण रॅमला जायला जागाच उरलेली नाही. कागदावर त्या शेवटच्या पाच अंशांत लिव्हरेज सरासरी १२० च्या वर गेलेलं असतं!

म्हणजे शेवटाला गोळा झालेलं लिव्हरेज वापरायचं असेल तर डाय अशी लावायची की काम शेवटाच्या जरा आधी सुरू होईल. डाय पाव फेरा वर-खाली केली तरी प्रेस ‘ताकदवान’ किंवा ‘दुबळा’ वाटतो तो यामुळे.

फ्रेम किती ताणते हे कसं बघायचं?

रॅम आणि डाय यांच्यामध्ये पोलादी ठोकळा द्या. डायल गेज फ्रेमच्या खालच्या भागावर उभा करून त्याचं टोक वरच्या भागाच्या पोटाला टेकवा. आता हँडल ५, १०, १५ किलोने ओढत वाचन घ्या. बंद चौकटीची फ्रेम सरळ वर ताणते. इंग्रजी सी आकाराची उघडी फ्रेम जबड्यासारखी उघडते, म्हणून तिथे पुढे आणि मागे दोन जागी मोजा. दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे रॅमचा कल. बेअरिंग तिरपं बसतं ते याच कलामुळे, आणि आपण दोष देतो शाफ्टला.

काडतूस भरायच्या प्रेसला एवढ्या जोराची गरज कशाला?

सगळ्याच कामांना नाही. वापरलेली प्रायमर-टोपी (दारू पेटवणारी टोपी) काढायला किंवा नवी गोळी बसवायला जोर थोडाच लागतो. खरा जोर लागतो तो केस (काडतुसाची पितळी नळी) मूळ मापात आणायला. रायफलची केस ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळेची असते. झाडल्यावर ती चेंबरच्या मापाला फुगते. ती डायमध्ये दाबून परत बारीक करायची. केस जसजशी आत जाते तसतसा डायशी स्पर्श वाढतो आणि सगळ्यात कठीण, जाड बूड शेवटी येतं. टॉगलचा जोरही शेवटीच वाढतो. यंत्राचा आणि कामाचा आलेख असा जुळलेला आहे, म्हणून ही रचना टिकली.

वंगण विसरलं तर केस डायमध्ये अशी फसते की बुडाची कड फाटून येते पण केस येत नाही. पितळ पुन्हा पुन्हा दाबलं की कडक होत जातं, म्हणून त्याच केसला पुढच्या वेळी जास्त जोर लागतो. तोंडाचा भाग तापवून मऊ करतात तो यासाठी.

याहून जास्त जोर लागतो तो शिशाच्या गाभ्यावर तांब्याचं कवच दाबून गोळी घडवायला. अमेरिकेतल्या आरसीबीएस या कंपनीचा जन्म त्यातूनच झाला: फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविल इथे गोळ्या घडवायच्या डाय करायला सुरुवात केली, आणि कंपनीच्या नावातही (रॉक चक बुलेट स्वेज) तीच डाय आहे.

इथे फ्रेमच्या ताणाला फार महत्त्व येतं. केसचा खांदा (जिथे ती तोंडाकडे निमुळती होते तो भाग) मागे ढकलायचा तो इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमी. प्रेस ०.१ मिमी ताणत असेल तर जे माप साधायचंय त्याच्या दुप्पट-चौपट तर ताणच झाला. ताण दर वेळी सारखाच असेल तर डाय तेवढी खाली घेऊन भागतं. एका केसला वंगण जास्त आणि दुसरीला कमी लागलं की ताण बदलतो, आणि मापही. म्हणून अचूक नेमबाजी करणारे काही जण गोळी बसवायला छोटा आर्बर प्रेस आणि त्यावर जोर दाखवणारा गेज वापरतात. त्यांना जोर जास्त नको असतो, सारखा हवा असतो.

मग असा प्रेस आणून घरी काडतुसं भरली तर?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. बंदुकीचा परवाना असणं आणि काडतुसं बनवायचा परवाना असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पानावरची मोजमापं रिकाम्या प्रेसची आहेत. भरलेलं काडतूस, जिवंत प्रायमर किंवा दारू मोजमापाच्या टेबलाजवळसुद्धा आणायची नाही.

वरणगावच्या फॅक्टरीत असेच प्रेस असतात का?

भुसावळ तालुक्यातल्या वरणगावची आयुध निर्माणी १९६४ पासूनची, लहान शस्त्रांची काडतुसं बनवणारी. ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. कारखान्याच्या प्रमाणावरचं उत्पादन विजेच्या यंत्रांवर होतं. हातलिव्हरचे प्रेस हौशी नेमबाजाच्या टेबलावरचे.

आमच्याकडे सराफी कामाचा फ्लायप्रेस आहे. त्याला हीच रीत लागू पडते का?

पडत नाही. फ्लायप्रेसमध्ये दांड्याच्या टोकांवरच्या फिरणाऱ्या वजनदार गोळ्यांची ऊर्जा ठोक्यात उतरते, आणि जोर किती ते कशात थांबलं यावर ठरतं. १०० ज्यूल ऊर्जा १ मिमीत थांबली तर सरासरी जोर साधारण दहा टन. तीच अर्ध्या मिमीत थांबली तर वीस टन. म्हणून ठप्प्याखाली काहीच न ठेवता मोकळा ठोका मारणं सगळ्यात वाईट: डाय डायवर आदळते, अंतर जवळपास शून्य आणि डायचा तुकडा उडतो. इथे मोजायला तांब्याचे सारख्या मापाचे तुकडे चेपून बघायची रीतच बरी. दोन ठोक्यांतली तुलना तरी भरवशाची मिळते.

हँडलला पाइप लावून लांब केलं तर लिव्हरेज वाढतं ना?

वाढतं, लांबीच्या प्रमाणात. पिना, दांडे आणि ओतीव फ्रेम मात्र तेवढ्याच राहतात. ओतीव लोखंड वाकून सूचना देत नाही, सरळ तडकतं. पाइप लावावाच लागतोय असं वाटलं तर डाय किंवा वंगण तपासा, नाहीतर मोठा प्रेस घ्या.

मोजून झाल्यावर प्रेसवर काय लिहून ठेवू?

नुसतं ‘१ टन’ लिहू नका. ‘हातावर २० किलो, हँडल १५ अंशांवर, रॅमवर मोजलेले ३०० किलो’ असं तिन्ही आकड्यांसकट लिहा, खाली तारीख घाला. पिना बदलल्या किंवा हँडल बदललं की जुना आकडा खोडून पुन्हा मोजा. ऑइलपेंटने लिहा, मार्करचं लिखाण ग्रीसच्या हाताने आठवड्यात पुसतं.